भुलखेड्याची मोजणी

जळगावलगतच्या पिंप्राळ्यात चुडामण आबांना पत्ता विचारायची हिंमत फक्त परगावचा माणूस करायचा. पत्ता ते उत्तम सांगत, पण त्या घराच्या चारी बाजूंना कोण राहतं, त्यातल्या कुणाचं कुंपण किती हात रस्त्यावर आलंय आणि ते येऊ देणारा अधिकारी कोण होता, हे ऐकल्याशिवाय सुटका नव्हती. विचारणाऱ्याची बस जायची, एकदोघांचा तर लग्नाचा मुहूर्त गेला. आबांचा त्याला इलाज नव्हता. चौतीस वर्षं मोजणी खात्यात भूकरमापक म्हणून काढलेली, जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतली निम्मी शेतं त्यांच्या साखळीखालून गेलेली. रिटायर झाल्यावरही करमेना, म्हणून खात्यानं बाद केलेली एक साखळी त्यांनी रीतसर अर्ज करून घरी आणली आणि पुढच्या खोलीत नकाशांच्या कपाटाशेजारी तिला एक खुंटी दिली.

जेवायला बसले तरी तेच. "भाकरीच्या पूर्वेस भरीत, पश्चिमेस ठेचा, दक्षिणेस कांदा," असं म्हणून ते थांबत आणि ताटातल्या उत्तरेच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवत. "उत्तरले मी शे," म्हणत भागाबाई, म्हणजे त्यांची बायको, तिथे आणखी एक भाकरी आदळत.

आबांचा सगळा जीव एका गोष्टीत होता: नकाशा जुळला पाहिजे. साखळी जिथून निघाली तिथेच परत आली पाहिजे, एक हात इकडे नाही की तिकडे नाही. चौतीस वर्षांत आपला एकही नकाशा जुळल्याशिवाय राहिला नाही, हे ते लग्नात सांगत, बारशात सांगत, आणि दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत जो वेळ मिळतो त्यातही सांगत.

दोन गोष्टी मात्र ते सांगत नसत. पहिली म्हणजे शेजारचे झुलाल नाना. अठ्ठ्याहत्तर साली नानांनी दोन घरांमधल्या हद्दीचा दगड वीतभर आबांच्या बाजूला सरकवला, असं आबांचं म्हणणं. दगड मुळातच तिथे होता, असं नानांचं. सरकारी मोजणी केली असती तर तासाभराचं काम. पण मोजणीआधी शेजारच्या मालकाला नोटीस द्यावी लागते आणि नाना नोटीस हातात घेत नव्हते. सरकारी कागद हातात घेतला की माणूस अडकला आणि घेतलाच नाही तर सरकार बघत बसतं, हे खानदेशात शाळेत जायच्या आधी शिकतात. शिपाई नोटीस घेऊन येताना दिसला की नाना मागच्या दारानं निघून मेहरूणच्या तलावावर हवा खायला जात. शिपाई बिचारा नोटीस दारावर डकवून परत जाई. असं अकरा वर्षं चाललं. दोघांचं बोलणं बंद होतं; दोघांच्या बायका त्याच दगडावर कोपर टेकून रोज लोणच्याची देवाणघेवाण करत होत्या, ती गोष्ट वेगळी.

दुसरी गोष्ट आबा सांगत नसत, पण भागाबाई सांगत, आणि हसून हसून सांगत. त्यांची धाकटी मुलगी कमल सात वर्षांची असताना आबांनी एका रविवारी पुढची खोली मोजायला काढली. कारण काही नाही, रविवार होता. कचेरीची साखळी घरी आणलेली होती, तिचं एक टोक त्यांनी कमलच्या हातात दिलं आणि म्हणाले, "हलायचं नाही. मी 'सोड' म्हणेपर्यंत सोडायचं नाही." तेवढ्यात बाहेर साहेबांची जीप वाजली. पारोळ्याला तातडीची मोजणी निघाली होती. आबा जे गेले ते तिसऱ्या दिवशी आले. पोरगी दुपार टळेपर्यंत टोक धरून उभी! "जेवन बी मी तिले उभी-उभीच भरवं," भागाबाई सांगत. "एका हातमा साखळी, एका हातमा भाकर!" ऐकणारे पोट धरून हसत. कमलही हसायची.

ही कमल आता चोवीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली, आणि एका खासगी क्लासमध्ये गणित शिकवणारी. अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीत तिनं एक कॉम्प्युटर घरी आणला. एका जिनिंगवाल्याच्या घरात तो हौसेनं आला होता आणि हौस फिटल्यावर माळ्यावर पडला होता. काळा, वहीएवढा, वर रबराची बटणं. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, म्हणून घरचा टीव्ही जोडायचा. काही लक्षात राहत नव्हतं, म्हणून टेपरेकॉर्डर जोडायचा. कॅसेट लावली की पाच मिनिटं तो असा किंचाळायचा की पहिल्या दिवशी भागाबाई "मरी जाई ना तो, बंद कर!" म्हणत पिठाच्या हातानं धावत आल्या.

मग चार महिने कमल क्लासहून आली की त्याच्यापुढे बसायची. काय करतेस विचारलं तर म्हणायची, "गाव वसवतेय."

"बिगरशेती परवानगी घेतली का?" आबा विचारत.

होळीच्या दुसऱ्या दिवशी तिनं मुद्द्याला हात घातला. "आबा, मला पुढची खोली द्या. कॉम्प्युटरचा क्लास काढते. पिंप्राळ्यातला पहिला."

"पुढच्या खोलीत नकाशे आहेत," आबा म्हणाले. "आणि बोदवडहून निरोप आलाय. मुलगा रेल्वेत आहे, बन्सीलाल नाव. आखाजीला बघायला येतील." आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, दीड महिन्यावर होती.

"मग माझा क्लास?"

"बोदवडला रेल्वे स्टेशन आहे," असं उत्तर आबांनी दिलं, आणि प्रश्न सुटला अशा चेहऱ्यानं चष्मा पुसायला घेतला.

कमल बापाच्या वळणावर गेली होती. तिनं आदळआपट केली नाही. तिनं टीव्ही लावला, कॅसेट किंचाळू दिली, आणि आबांना खुर्ची ओढून दिली. पडद्यावर चित्र नव्हतं, नुसती अक्षरं होती, तीही इंग्रजी, कारण त्या यंत्राला मराठी अक्षरं येत नव्हती. भाषा मात्र आपली. तुम्ही कुठे आहात ते यंत्र सांगायचं. 'उत्तर' असं टाइप केलं की तुम्ही उत्तरेला जायचात, 'घे' म्हटलं की वस्तू उचलली जायची. गावाचं नाव भुलखेडे, ठिकाणं एकेचाळीस. आणि खुबी अशी, की गावातली माणसं तुमच्यासाठी खोळंबून राहत नव्हती. तुम्ही एक पाऊल टाकलं की तीही आपापलं टाकायची, कुणी पाण्याला, कुणी बाजाराला, शेळी उकिरड्याकडे. तुम्ही पाठ फिरवली तरी गाव चालूच.

"याचा नकाशा काढून दाखवा," कमल म्हणाली. "आखाजीपर्यंत. एकेचाळीसच्या एकेचाळीस ठिकाणं जुळली, तर बोदवडवाल्यांना पोहे मी स्वतः देईन, आणि पुढे तुम्ही म्हणाल ते. नाही जुळली, तर पुढची खोली माझी."

आबा नुसते हसले. एकेका उन्हाळ्यात चारशे गट मोजलेल्या माणसाला ही पोर एकेचाळीसची भीती घालत होती! त्यांनी त्याच संध्याकाळी मोठा कागद, टोकदार पेन्सिल आणि खोडरबर काढून ठेवलं, आणि खोडरबर लागणार नाही असंही सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमल कामावर गेल्यावर आबा टोपी घालून टीव्हीसमोर बसले. पडदा म्हणाला, "तुम्ही भुलखेड्याच्या वेशीवर आहात. पूर्वेला चावडी आहे." आबा जागचे हलले नाहीत. न कळवता मोजणी कशी सुरू करायची? दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत त्यांनी टाइप केलं: नोटीस दे. यंत्र म्हणालं, "मला समजलं नाही." त्यांनी टाइप केलं: पंच बोलव. "मला समजलं नाही." मालक कोण? "मला समजलं नाही."

आबांनी चष्मा काढला. "सरकारी नोकर दिसतो," ते आदरानं म्हणाले.

शेवटी विनानोटीस गावात शिरावं लागलं, ते त्यांच्या मनाला लागून राहिलं. पुढे पारावर ताईबाई नावाची म्हातारी बसलेली असायची. तिला ओलांडल्याशिवाय गावात जाता येत नव्हतं, आणि आबांनी काही विचारलं की पडदा म्हणायचा, "ताईबाई तोंड फिरवते." रस्ता विचारला, तोंड फिरवलं. हद्द विचारली, तोंड फिरवलं. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी भागाबाई मागे ज्वारी निवडत बसल्या होत्या, त्यांना राहवेना. "म्हतारी शे ती! पहिले तिना गुडघास्नं इचारा ना."

आबांनी कपाळाला आठ्या घालत 'गुडघा' असं टाइप केलं. ताईबाईनं पडदा तीनदा भरेल इतकं गुडघ्याबद्दल सांगितलं, मग सुनेबद्दल, आणि त्यानंतर उत्तरेची वाट आपण होऊन दाखवली. तेव्हापासून भागाबाई खुर्ची पुढे घेऊन बसू लागल्या. वाटेत एक शेळी भेटली आणि ती आबांच्या मागेमागे येऊ लागली, तेव्हा तर त्यांनी निवडण-टिपण सोडलंच. "तिले काही खावाले द्या. दखा, कसी मांगे येस!" त्या म्हणत. शेळी दिसत नव्हतीच, नुसतं 'शेळी तुमच्या मागे येते' एवढं दिसायचं, पण भागाबाईंना तिचा रंगसुद्धा माहीत होता.

आणि एके दिवशी बाजारात पडदा म्हणाला, "मोजणीदार इथे आहे. तो म्हणतो, अजून एक गट बाकी आहे. तो पश्चिमेला जातो." आबांना भरून आलं. या बिनशिस्तीच्या गावात एक तरी आपला माणूस होता! त्यांनी घाईघाईनं 'नमस्कार' टाइप केलं, पण तोवर तो गेलेला. पुढेही तो कधी नदीवर, कधी मारुतीपाशी भेटायचा, तेच एक वाक्य बोलायचा आणि निघून जायचा. "कामाचा माणूस आहे," आबा कौतुकानं म्हणाले. भागाबाईंनी पडद्यावरून त्यांच्याकडे नजर वळवली.

पाडव्यापर्यंत एकतीस ठिकाणं कागदावर चढली. मग लागली केळीची बाग.

"तुम्ही केळीच्या बागेत आहात. चहूकडे केळी." शेजारी पाण्याचा पाट. आबा पूर्वेला गेले. "तुम्ही केळीच्या बागेत आहात. चहूकडे केळी." पश्चिमेला परत आले, तर पुन्हा तेच, पण आधीचा पाण्याचा पाट तिथे नव्हता. एक पाऊल पूर्वेला, एक पाऊल पश्चिमेला, आणि माणूस निघाला तिथे पोचत नाही! हे भूमितीत बसत नव्हतं. आबा उठून उभे राहिले. "हे शेत बेकायदेशीर आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी दोन पानी हरकत लिहून कमलच्या टेबलावर ठेवली. कमलनं ती लाल शाईनं 'पाहिले' असा शेरा मारून परत केली. चौतीस वर्षं आबा लोकांच्या अर्जांवर हेच लिहीत आले होते.

मग त्यांनी अनुभव पणाला लावला. सगळे वाफे सारखे दिसतात ना? मग हद्दीच्या खुणा ठोका. एका वाफ्यात तांब्या ठेवला, दुसऱ्यात विळा, तिसऱ्यात टोपी. दोन फेऱ्या मारून आले तर पडदा म्हणाला, "कुणीतरी इथे येऊन गेलं आहे." विळा गायब. तांब्या भलत्याच वाफ्यात. टोपी चक्क वेशीवर सापडली.

आबांच्या कपाळाची शीर उडायला लागली. खून परवडला, पण हद्दीची खूण सरकवणारा माणूस त्यांच्या लेखी माणसांत जमा नव्हता. पंधरा दिवस ते त्या चोराच्या पाठी लागले. खुणा ठेवायचे, तो हलवायचा. एकदा अगदी जमत आलं होतं तर लाइट गेली आणि अख्खं भुलखेडे शेळीसकट बुडालं. पुन्हा कॅसेट, पुन्हा किंचाळणं, पुन्हा ताईबाईचे गुडघे. आबांचं जेवण कमी झालं. ताटाची उत्तर दिशा रिकामी राहिली तरी ते काही म्हणेनात.

आखाजी आठ दिवसांवर आली तेव्हा भागाबाई म्हणाल्या, "दगड सरकावनारा कसा इचार करस, हाई दगड सरकावनारालेच इचारा." आणि त्यांनी खिडकीतून कुंपणाकडे बघितलं.

आबा एक दिवस ऐकून न ऐकल्यासारखे वागले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते कुंपणापाशी गेले. पलीकडे झुलाल नाना निंबाखाली बाजेवर बसून पान लावत होते, शेजारी त्यांची म्हैस बांधलेली. अकरा वर्षांनी एकदम तोंडावर बोलणं बरं दिसेना, म्हणून आबा म्हशीशी बोलले.

"समजा, एखाद्यानं हद्दीची खूण सरकवायची ठरवली," ते म्हशीला म्हणाले. "तर त्याला फसवायचं कसं?"

म्हशीनं कान हलवला. नानांनी पान तोंडात टाकलं आणि बराच वेळ चावलं. "म्हैसले काय ठाऊक?" ते शेवटी म्हणाले. "मनाकडे दखा, आबा. सरकावनारा येडा नही ऱ्हास. तो कामनी चीज उचलस. जे कोनलेच नको, त्याले तो हात बी नही लावस."

"कुणालाच नको असं काय असतं? गोवऱ्या?"

"गोवऱ्या तर पहिले जातस!"

"फुटकं मडकं?"

"मनी बायको त्यानामा तुळस लावस."

दोघं विचारात पडले. विचार करताना दोघांची नजर एकदमच नानांच्या दारावर गेली. तिथे अकरा वर्षांच्या नोटिसा एकावर एक डकवलेल्या होत्या. पावसानं धुतल्या होत्या, उन्हानं पिवळ्या पडल्या होत्या, पण एकीलाही माणसाचा हात लागलेला नव्हता.

"नोटीस!" आबा ओरडले.

"नोटीस!" नानाही ओरडले, आणि वादातली ती वीत एका ढांगेत ओलांडून सरळ आबांच्या घरात आले. नंतर कुणीतरी आठवण करून दिली तेव्हा दोघांनाही आश्चर्य वाटलं.

भुलखेड्याच्या चावडीत नोटिसांचा एक गठ्ठा पडलेला असायचा. आबांनी तो पहिल्याच दिवशी पाहिला होता आणि सरकारी माल म्हणून हात लावला नव्हता. आता त्यांनी तो उचलला आणि बागेच्या प्रत्येक वाफ्यात एकेक नोटीस ठेवत गेले. फेरी मारून परत आले. पडदा म्हणाला, "कुणीतरी इथे येऊन गेलं आहे. नोटीस जागेवर आहे."

नानांनी मांडीवर थाप मारली. "शाना शे लेकना!" ते अभिमानानं म्हणाले.

एकच अडचण आली. नोटिसा चोर नेत नव्हता, पण शेळी खात होती. दोन वाफे तिनं साफ केले. शेळीला ताईबाईकडे बांधून ठेवायचं ठरलं, तेव्हा भागाबाईंनी त्या दिवशी दोघांना चहा दिला नाही.

चार दिवसांत बागेचे नऊ वाफे जुळले. दोन म्हातारे खांद्याला खांदा लावून बसायचे, एक टाइप करायचा, दुसरा चोराच्या बाजूनं सल्ला द्यायचा. चाळीस ठिकाणं झाली. एकेचाळिसावं मात्र कुठेच नव्हतं.

आखाजीचा दिवस उजाडला. गल्लीतल्या निंबाला झोका बांधलेला, माहेरी आलेल्या पोरींची गाणी चाललेली, घरात पुरणाचा वास. बोदवडची मंडळी चारच्या पॅसेंजरनं येणार होती. कमल स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरत होती आणि मधूनमधून नाक ओढल्याचा आवाज येत होता. कांद्याचंच असेल, असं आबांनी ठरवलं. पण दोन वेळा त्यांनी मागे वळून बघितलं.

"तो मोजणीदार बठ्ठं गाव फिरस," नाना म्हणाले. "त्याना मांगे मांगे जा. तोच दखाडी."

आबा मोजणीदाराच्या मागे लागले. नदी, बाजार, बाग, मारुती, चावडी. सगळीकडे तो तेच म्हणायचा, अजून एक गट बाकी आहे. तीन वेळा तो एका घरावरून गेला. "मोजणीदाराचं घर. दार लोटलेलं आहे." तीनही वेळा तो तसाच पुढे गेला.

"हाऊ घर कव्हय जास?" नानांनी विचारलं.

"कामाचा माणूस आहे," आबा म्हणाले.

"मी बी तीस वरीस हाईच ऐकं," भागाबाई मागून म्हणाल्या.

"आबा, त्या घरमा जाईसन दखा ना," नाना म्हणाले.

"मालक हजर नसताना घरात शिरता येत नाही. नियम आहे. मी ते बाहेरूनच नोंदवलंय, त्या चाळिसांतच धरलंय."

"आनि मालक हजर कव्हय ऱ्हाई?"

पडद्यावर मोजणीदार पुन्हा पश्चिमेला निघाला होता. आबा बघत राहिले. भागाबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जा मधमा," त्या म्हणाल्या. "तुमनंच घर शे."

आबांनी 'आत जा' टाइप केलं.

"पुढची खोली. नकाशांचं कपाट. एक मुलगी साखळीचं टोक धरून उभी आहे. ती म्हणते, आबा, आता सोडू का?"

सतरा वर्षं ही गोष्ट सांगून लोकांना हसवणाऱ्या भागाबाई या वेळी हसल्या नाहीत. नानांनी घसा खाकरला. आबांना एकदम आठवलं, की पारोळ्याहून परत आल्यावर त्यांनी साखळी जागेवर आहे ना एवढं विचारलं होतं. पोरीला काही विचारलं नव्हतं. त्यांना लाज वाटली, अशी की मान वर होईना. एका बोटानं त्यांनी टाइप केलं: सोड.

"मला समजलं नाही," यंत्र म्हणालं.

सोड. "मला समजलं नाही." सोड.

"त्याचं उत्तर मी लिहिलेलंच नाही, आबा." कमल दारात उभी होती, हातात चिरलेल्या कांद्याचं ताट. "तुम्ही दारावरूनच परत जाल असं वाटलं होतं." मग तिनं नाक पुसलं आणि हिशेबी आवाजात म्हणाली, "एकेचाळीस. जुळलं. पोहे भिजवते."

आबा मोठ्या पेचात सापडले. नकाशा जुळला नाही असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना. जुळलेल्या नकाशाला न जुळलेला म्हणणं त्यांच्या हातून या जन्मी होणार नव्हतं. आणि जुळला म्हणावं तर पुढे बोदवड. मग त्यांनी पेन काढलं आणि एकेचाळिसाव्या चौकोनात बारीक अक्षरात लिहून मोठ्यानं वाचलं.

"ठिकाण, पुढची खोली. मालक, चुडामण. वहिवाट, कमलबाई. केव्हापासून, सन एकोणीसशे बहात्तर, अखंड." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बारा वर्षं अखंड वहिवाट झाली की मूळ मालकाचं काही चालत नाही. तू सतरा वर्षं धरून उभी आहेस. खोली तुझी. कायद्यापुढे माझा नाइलाज आहे."

"आणि पैज?"

"पैज मी जिंकलो. पुढे मी म्हणेन ते, असं ठरलंय. मी म्हणतो, क्लास काढ."

कमल ताट खाली ठेवून आत गेली. पुन्हा नाक ओढल्याचा आवाज आला, आणि या वेळी कांदा बाहेरच होता.

बोदवडची मंडळी आली, त्यांनी पोहे खाल्ले. बन्सीलालला भुलखेड्याची गंमत दाखवली, तर तो अर्धा तास ताईबाईपुढेच अडकून बसला आणि 'बाजूला हो' असं टाइप करत राहिला. भागाबाई मागे उभ्या राहून वाट बघत होत्या. "ज्याले म्हतारीना गुडघा इचारता येत नही, त्याले पोर कसी देवानी?" असा निकाल त्यांनी मंडळी पॅसेंजरला बसायच्या आत दिला. नानांनी दुसऱ्या दिवशी मोजणीची नोटीस स्वतःच्या हातात घेतली, अंगठा नाही, सही केली. मोजणीत दगड चार बोटं सरकलेला निघाला. कुणीकडून कुणीकडे, ते दोघांनीही आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.

जून महिन्यात पुढची खोली रिकामी झाली, नकाशांचं कपाट माजघरात गेलं. बाकं किती बसतील ते बघायला कमलनं खुंटीवरची साखळी काढली. "आबा, हे टोक धरा," ती म्हणाली. "हलायचं नाही. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही." आणि तेवढ्यात दारात नाना आले, बरोबर त्यांची सून, तिच्या दोन मैत्रिणी आणि मैत्रिणींच्या नणंदा, सगळ्यांना क्लासची चौकशी करायची होती. कमल ओट्यावर गेली. चौकशी रंगली. तिथून सगळ्या जणी यंत्र बघायला आतल्या खोलीत गेल्या, ताईबाईचे गुडघे झाले, शेळी झाली.

बारा वाजले, एक वाजला. भागाबाई ताट घेऊन आल्या तर आबा भिंतीला टोक लावून ताठ उभे.

"अहो, सोडा ना ते! ती इसरी गयी."

"तिनं 'सोड' म्हटलेलं नाही," आबा म्हणाले.

भागाबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग ताट खिडकीत ठेवलं, भाकरीवर भरीत घालून ती त्यांच्या हातात दिली आणि समोर पाट घेऊन बसल्या. पाय भरून आले होते, पण आबा बोटभरही हलले नाहीत. एका हातात साखळी, एका हातात भाकरी, आतून पोरीचं हसणं ऐकू येत होतं, आणि आबा उभ्या उभ्या जेवले.